कंडरा दुखतेय की सांधा? आराम, व्यायाम, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया: कुणी काय निवडावं

गुडघा दुखतोय म्हणून दोघे जण व्यायाम थांबवतात. दोघंही आठवड्यातून पाच-सहा दिवस घाम गाळणारे, आणि दोघांना सल्लाही एकच मिळतो: महिनाभर आराम करा. महिन्यानं पहिल्याचा गुडघा खरंच निवतो. दुसऱ्यालाही वाटतं की आपण बरे झालो, पण ते पहिल्या उडीपर्यंतच. आठवडाभरात दुखणं परत येतं, कधी कधी आधीपेक्षा जोरात. पहिल्याचा सांधा सुजला होता, दुसऱ्याची कंडरा दुखत होती. तोच सल्ला एकाला लागू पडला आणि दुसऱ्याचा महिना वाया गेला.

'थांबू की चालू ठेवू', 'इंजेक्शन घेऊ का' असे प्रश्न पडले की आधी हे ठरवावं लागतं की दुखतंय काय. निम्मा गोंधळ तर शब्दापासूनच सुरू होतो. स्नायूला हाडाशी जोडणारी जी चिवट दोरी असते ती कंडरा, जिममध्ये जिला टेंडन म्हणतात. घरात आपण तिला 'शीर' म्हणतो. रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि नसेलाही. मग 'शीर दुखतेय' या तक्रारीवर कुणी काहीही उपाय सांगतो.

बोटानं दाखवता येतं का?

कंडरेचं दुखणं बहुधा एका बोटानं दाखवता येतं. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर, टाचेच्या चार-पाच सेंटिमीटर वर, कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ: 'इथे, बरोबर इथे.' सांध्याचं दुखणं दाखवताना माणूस अख्खा तळहात ठेवतो आणि गोल फिरवतो, 'इथं कुठंतरी आत' म्हणतो.

दुसरी खूण वेळेची. दुखरी कंडरा सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं आखडलेली असते. व्यायाम सुरू करताना दुखते, अंग तापलं की गप्प होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब चुकता करते. मधल्या त्या गप्प बसण्यानंच माणूस फसतो. 'सुरुवातीला दुखतं, मग काही नाही' असं म्हणत लोक वर्षभर दुखणं अंगावर काढतात. सांध्याचं तसं नसतं. तो जास्त वापराबरोबर जास्त कुरकुरतो, संध्याकाळी सुजतो, पूर्ण वाकत नाही किंवा पूर्ण सरळ होत नाही.

तिसरी खूण भाराच्या प्रकाराची. कंडरा ही स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंगसारखा वापर तिला सगळ्यात जड जातो: उडी, जोरात पळणं, झटक्यात दिशा बदलणं. धावताना टाचेमागच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहून जास्त ताण येतो. म्हणून वाटीखालची कंडरा दुखत असेल तर तासभर खुर्चीत बसून फारसं काही होत नाही, पण उडी मारली की कळ येते. उलट वाटीच्या मागचं दुखणं, म्हणजे वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्याचं, जिने उतरताना, खोल बसताना आणि गुडघे दुमडून बराच वेळ बसल्यावर जाणवतं. दोन्ही जागा इतक्या जवळ आहेत की 'गुडघेदुखी' या एका शब्दात दोन्ही खपून जातात.

बोटाची ही चाचणी खांद्याला मात्र लावू नये. खांद्याच्या कंडरेचं दुखणं दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं, मूळ जागेपासून दूर, आणि त्या कुशीवर झोपलं की रात्रीही ठणकतं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचंही थोडंफार असंच.

आणि या दोघांखेरीज एक तिसरं आहे, ज्याला कंडरा समजण्याची चूक महागात पडते: हाडावर आलेला ताण. नडगीच्या किंवा पायाच्या हाडावर दाबल्यावर नेमका एक बिंदू दुखतो, पळताना दुखणं कमी न होता वाढतच जातं, पुढे पुढे विश्रांतीतही आणि रात्रीही राहतं. इथे 'थोडं दुखलं तर चालतं' हा नियम लावायचाच नाही. पळणं त्याच दिवशी बंद आणि तपासणी. कमी खाऊन जास्त पळणाऱ्यांना, विशेषतः पाळी अनियमित झालेल्या किंवा थांबलेल्या मुलींना, याचा धोका जास्त असतो.

आराम की भार?

कंडरेला रक्तपुरवठा कमी आणि तिचा सगळा कारभार संथ. किती संथ? गेल्या शतकाच्या मध्यात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, वाढला होता, आणि त्या काळात वाढत असलेल्या माणसांच्या शरीरात तो जाऊन बसला. २०१३ साली डॅनिश संशोधकांनी त्याचा माग काढून दाखवलं की टाचेमागच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर जवळपास नव्यानं बनतच नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, कंडरेला महिने लागतात. अचानक वजन वाढवणारे किंवा सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात जुन्या अंतरावर जाणारे लोक सापडतात ते या फरकात. ताकद आलेली असते, ती वाहून नेणारी दोरी मागे राहिलेली असते.

म्हणूनच पूर्ण आराम हा कंडरेसाठी वाईट सौदा आहे. दुखणं कमी होतं, कारण दुखवणारं काही केलेलंच नसतं. तेवढ्यात कंडरेची आणि तिच्या स्नायूची भार सोसायची क्षमता आणखी खाली येते. महिन्यानं परत आलेला माणूस आधीपेक्षा कमकुवत दोरी घेऊन आधीच्याच कामाला लागतो.

मग दुखत असताना किती करायचं? २००७ साली स्वीडनमध्ये टाचेमागची कंडरा दुखणाऱ्यांचे दोन गट करून पाहिलं. कंडरेचे व्यायाम दोघांनाही दिले. एका गटाला सुरुवातीचे सहा आठवडे पळणं-उड्या बंद, दुसऱ्याला दुखण्यावर लक्ष ठेवून चालू. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच सुधारले होते. चालू ठेवणाऱ्यांसाठी नियम साधा होता: दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे आणि आठवड्यामागून आठवडा वाढत जाता कामा नये.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच, दुसऱ्या दिवशीची सकाळ. व्यायाम करताना काय वाटलं यावर जाऊ नका. कंडरा त्या वेळी खोटं बोलते. रोज सकाळी एकच हालचाल करा, टाचेसाठी एका पायावर दहा वेळा टाच उचलणं, वाटीखालच्या कंडरेसाठी एका पायावर अर्धं बसणं, आणि दहापैकी आकडा लिहून ठेवा. काल दोन होता, आज पाच झाला, तर काल जे केलं ते जास्त झालं. एवढी वही कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगते.

दिवसांमधलं अंतरही मोजावं लागतं. जोरदार व्यायामानंतर पहिले चोवीस ते छत्तीस तास कंडरेत नवं कोलॅजन (ज्या प्रथिनाच्या धाग्यांनी ती बनते ते) बनण्यापेक्षा जुनं तुटणं जास्त असतं, भर त्यानंतर पडते. रोज उड्या मारणारा माणूस दर वेळी तुटण्याच्याच टप्प्यात पुन्हा घाव घालतो. त्यामुळे आधी कापायच्या त्या उड्या आणि वेग. संथ, जड व्यायाम शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात: वजनं सोडतात आणि 'हलकं' म्हणून दोरीउड्या ठेवतात.

सांध्याचं गणित वेगळं. गुडघ्यात पाणी साठलं की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप कमी जोरानं काम करायला लागतो. मज्जासंस्थाच तो आवरून धरते. अशा सुजलेल्या गुडघ्यावर जबरदस्तीनं स्क्वॉट मारून स्नायू बळकट होत नाही. इथे सूज उतरेपर्यंत आपटणारे प्रकार बंद, सायकल किंवा पाण्यातला व्यायाम चालू, सांधा जेवढा वाकतो तेवढा रोज वाकवायचा. सूज गेली की मग भार. म्हणजे सांध्यालाही कायमचा आराम नको असतो, पण थोडे दिवस सवलत लागते. कंडरेला ती सवलत दिली की ती डोक्यावर बसते.

इथे हमखास येणारा प्रश्न: पळून पळून गुडघे झिजतात म्हणून सोडूनच द्यावं का? २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात गुडघा किंवा खुब्याची झीज हौसेनं पळणाऱ्यांमध्ये साधारण ३.५ टक्के, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्या धावपटूंमध्ये १३.३ टक्के आढळली. पळण्यामुळेच गुडघे वाचले असा अर्थ यातून काढता येत नाही. ज्यांचे गुडघे चांगले तेच पळत राहतात हेही खरं. पण 'पळणं म्हणजे गुडघ्यांची वाट' हे म्हणणं यापुढे टिकत नाही.

कंडरेचे तीन व्यायाम

पहिला, फक्त खाली सोडण्याचा. १९९८ साली स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या अस्थिरोगतज्ज्ञानं तो पळणाऱ्यांवर आजमावला. पायरीच्या कडेवर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच हळू खाली सोडायची, वर येताना दुसऱ्या पायाचा आधार. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. आल्फ्रेडसन स्वतः पळणारा आणि याच दुखण्यानं बेजार झालेला होता. त्याच्या वरिष्ठांनी शस्त्रक्रिया करायला नकार दिला, तेव्हा कंडरा आणखी बिघडवण्यासाठी त्यानं तिच्यावर भार टाकायला सुरुवात केली आणि ती बरी झाली, असा किस्सा सांगतात.

दुसरा, जड आणि संथ. आठवड्यातून तीनच दिवस, खरं वजन घेऊन, वर जाताना तीन सेकंद आणि खाली येताना तीन. सुरुवात जेमतेम पंधरा वेळा उचलता येईल अशा वजनानं, आणि काही आठवड्यांत सहा वेळांपर्यंत. डेन्मार्कमध्ये २००९ साली वाटीखालच्या कंडरेवर आणि २०१५ साली टाचेमागच्या कंडरेवर याची आल्फ्रेडसनच्या पद्धतीशी तुलना झाली. दुखण्यात दोन्हींनी सारखाच फरक पडला.

मग निवडायचं कशावर? सवयीवर. ज्याला वजनं उचलायची सवय आहे आणि जिमही हाताशी आहे त्यानं जड-संथ पद्धत घ्यावी. तीन दिवसांचं वेळापत्रक माणूस पाळतो. रोजच्या १८० वेळांचं पाळणं जड जातं. मी स्वतः पायरीवर तीन आठवडे काढले आणि चौथ्या आठवड्यात सबबी शोधायला लागलो. पायरीचा फायदा एवढाच की ती सगळीकडे असते. बारा आठवडे दोन्हींना लागतात, आणि सहाव्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडणाऱ्यांची संख्या मोठी.

तिसरा प्रकार, न हलता ताण धरून ठेवणं: ४५ सेकंदांचे पाच धर, मध्ये विश्रांती. २०१५ च्या एका लहानशा ऑस्ट्रेलियन प्रयोगात व्हॉलीबॉल खेळाडूंच्या गुडघ्याचं दुखणं यामुळे पाऊण तास तरी बरंच कमी झालं होतं. पुढच्या प्रयोगांत इतका ठळक परिणाम दर वेळी दिसला नाही. सामन्याच्या आधी किंवा फार दुखत असताना सुरुवात म्हणून तो ठीक आहे. यावरच थांबलं तर कंडरा उडीसाठी तयार होत नाही.

एक बारीक गोष्ट, जी बहुतेक व्हिडिओंमध्ये सुटते. दुखणं टाचेच्या वर नसून कंडरा हाडाला चिकटते तिथेच असेल, तर पायरीखाली टाच सोडू नका. तिथे कंडरा हाडावर दाबली जाते आणि तो दाबच तिला सोसत नाही. सपाट जमिनीवर करा. खुब्याच्या बाहेरची कंडरा दुखत असेल तर पायावर पाय टाकून बसणं आणि ती बाजू ताणणं, दोन्ही बंद. 'ताणलं की बरं वाटतं' हे पाच मिनिटांपुरतं खरं असतं.

गोळ्या, बर्फ, पावडरी

इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. बर्फानं दुखणं तात्पुरतं बधिर होतं. १९७८ साली आराम, बर्फ, दाब आणि पाय वर ठेवणं हे सूत्र रूढ करणारे डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे म्हटलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांमुळे भरून येणं लांबू शकतं. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनवर २००६ साली अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या १,५८३ जणांवर मोठी चाचणी झाली; एकूण गटात दुखण्यावर त्यांचा परिणाम औषध नसलेल्या पोकळ गोळीपेक्षा सरस ठरला नाही. व्यायामाआधी जिलेटिन आणि क जीवनसत्त्व घेण्याचं जे कौतुक चालतं, त्यामागचा २०१७ चा गाजलेला प्रयोग अवघ्या आठ निरोगी पुरुषांवर होता.

वेदनाशामक गोळी ताज्या दुखण्यात दोन-चार दिवस घेणं समजण्यासारखं आहे. व्यायामाआधी घेणं मात्र वाईट, कारण सकाळच्या ज्या आकड्यावर आपण सगळं ठरवतोय तोच आकडा ती खोटा करते. त्यात लांब पळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना इबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

आणखी एक, जे डॉक्टरांना आपण होऊन सांगायला हवं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातल्या प्रतिजैविकांनी कंडरा दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. भारी व्यायाम करत असाल आणि टाचेमागे आधीच कुरबूर असेल, तर औषध लिहून घेतानाच पर्याय विचारा.

इंजेक्शन

दुखण्यानं वैतागलेल्या माणसाला स्टेरॉइडचं इंजेक्शन चमत्कार वाटतं, आणि पहिले काही आठवडे तो चमत्कार असतोही. २०१३ साली कोपराच्या बाहेरच्या दुखण्यावर १६५ जणांवर केलेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत वर्षभरानं काय झालं ते पाहा. खोटं इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९६ टक्के बरे किंवा बरेच सुधारलेले होते, खरं मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण खोट्या गटात १२ टक्के आणि खऱ्या गटात ५४ टक्के. कंडरेसाठी माझं मत सरळ आहे: नको. टाचेमागच्या आणि वाटीखालच्या कंडरेत तर मुळीच नको. तिथे ती तुटण्याची भीती असते आणि त्यांच्यावर पुढच्याच आठवड्यात आपण उड्या मारणार असतो.

सांध्यात चित्र जरा मवाळ आहे. अचानक भडकून सुजलेल्या सांध्याला, किंवा गोठलेल्या खांद्याला, एखादं इंजेक्शन मोकळीक देतं आणि त्या काळात व्यायाम सुरू करता येतो. पण सवय लावून घेऊ नये. २०१७ च्या एका चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्यांना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं इंजेक्शन दिलं. मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं दुखणं कमी नव्हतं, आणि त्यांची कूर्चा, सांध्यातली गुळगुळीत गादी, जास्त पातळ झाली होती.

स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटचं इंजेक्शन, पीआरपी, यामागची कल्पना छान आहे. २०२१ साली ब्रिटनमध्ये टाचेमागच्या कंडरेवर २४० जणांवर चाचणी झाली आणि सहा महिन्यांनी खोट्या इंजेक्शनपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही.

एमआरआय आणि शस्त्रक्रिया

अहवालात 'फाटलं आहे' हा शब्द दिसला की माणूस खचतो. २०१२ साली पन्नाशी पार केलेल्या, क्ष-किरणात झीज न दिसलेल्या लोकांचे गुडघे एमआरआयवर पाहिले, तर ८९ टक्क्यांमध्ये काही ना काही बिघाड सापडला, दुखत असो वा नसो. खांद्याचंही तसंच; वय वाढतं तसं न दुखणाऱ्या खांद्यांतही कंडरा फाटलेल्या सापडतात. चित्रात दिसलं तेच दुखतंय असं गृहीत धरता येत नाही.

गुडघ्यातल्या दोन हाडांमधली झिजून फाटलेली चकती, म्हणजे मेनिस्कस, कापण्याची शस्त्रक्रिया २०१३ साली फिनलंडमध्ये १४६ जणांवर पारखली गेली. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसते छेद देऊन खोटी. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच. खांद्यात हाड घासून जागा करण्याच्या शस्त्रक्रियेचं २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत जवळपास असंच झालं. खोल बसताना टोचणाऱ्या गुडघ्यासाठी किंवा हात वर करताना दुखणाऱ्या खांद्यासाठी तीन महिने प्रामाणिक व्यायाम न करता टेबलावर चढणं मला घाई वाटते.

सगळ्याच शस्त्रक्रिया या रांगेत बसत नाहीत. पळताना पोटरीत कुणी लाथ मारल्यासारखा फटका बसला आणि नंतर चवड्यावर उभं राहता येईना, तर ती कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दाखवायचं. शस्त्रक्रिया की पायाला बूट घालून भरून येऊ देणं हे नंतर ठरतं, पण उशीर झाला की पर्याय कमी होतात. गुडघा अडकून सरळच होईना, उडीनंतर 'टक्' आवाज येऊन काही तासांत टम्म सुजला, दंड अचानक उचलताच येईना, यांचंही तसंच. सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तातडीनं रुग्णालय.

आणि काही दुखणी व्यायामाची नसतातच, आपण ती व्यायामाच्या नावावर खपवतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतोय, वय चाळिशीच्या आत आहे, टाचांबरोबर कंबरही पहाटे दुखून जाग येते आणि हालचालीनं सुटते, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. फिजिओकडे घालवलेले सहा महिने इथे फुकट जातात. दोन्ही टाचांमागच्या कंडरा काही न करता जाड आणि गाठाळ झाल्या असतील आणि घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर एमआरआयच्या आधी रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घ्या.